खेचराची लाथ

"लाथ न्हाई, डॉक्टरसाहेब. बाँब."

वॉचमनच्या नोकरीसाठी त्या माणसाची मेडिकल चालू होती. पिंपरीच्या एका कंपनीत मी तेव्हा डॉक्टर होतो. माणूस चऱ्होलीचा, नाव सावळाराम. काश्मीरच्या लढाईत तो खेचर कंपनीत होता. गाडी जात नाही अशा डोंगरात खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा वर न्यायचा, हे त्याचं काम. त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर पाय मोडल्याचं कारण लिहिलं होतं: तळावर खेचराची लाथ. तेवढ्या एका ओळीपायी आघाडीवर जखमी झालेल्या सैनिकांना मिळणारं पदक त्याला नाकारलं गेलं. गावातले लोक तर त्याला 'लाथाळे' म्हणूनच हाक मारत.

"मग लाथ आली कुठून?"

"मी बेशुद्ध. मानसांनी उचलून आनलं. खच्चरवाला हाय, पाय मोडलाय, म्हंजी लाथच. लिवलं कुनीतरी."

पटण्यासारखं होतं. दवाखान्यात गर्दी असली की आम्ही डॉक्टर पेशंटचा धंदा बघूनच निम्मं निदान करून मोकळे होतो.

पोटरी दाबून पाहिली तर आत काहीतरी टणक लागलं. पुण्याला पाठवून एक्स-रे काढवला. एक्स-रेमध्ये हाड पांढरट दिसतं, धातू त्याहून पांढराशुभ्र. पोटरीत असे दोन-तीन ठिपके चमकत होते. मी खूश. ती ओळ बदलावी म्हणून अर्ज लिहिला, फिल्म जोडली आणि लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला धाडला.

मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलंच. "डॉक्टर, माणूस फिट की अनफिट, एवढं सांगा. मिलिटरीच्या भानगडी तुम्हाला कशाला?"

"फिट आहे. घ्या कामावर."

"आणि तो अर्ज?"

"तो मी चहाच्या सुट्टीत लिहिलाय."

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं: हा धातू नालेचा खिळाही असू शकतो. मी आधी हसलो, मग भयंकर चिडलो. लाथेसरशी पोटरीत खोलवर खिळे ठोकणारं खेचर सैन्यानं कुठून पैदा केलं होतं, देव जाणे!

आता ऑपरेशन करून तुकडा काढून दाखवणं, एवढंच उरलं होतं. पण तो नसेला खेटून बसला होता. मी स्पष्टच सांगितलं, "सावळारामभाऊ, पाऊल लुळं पडू शकतं. एका पदकासाठी हा उद्योग करू नका."

"पदक ऱ्हाऊ द्या बाजूला," तो म्हणाला. "चंपी माझं खच्चर. बाँब फुटला तो तिच्या अंगावर. ती मधी व्हती म्हून मी हाय. आन् कागद म्हनतो तिनं लाथ मारली. मेलेल्या मुक्या जनावरावर आसा आळ, साहेब?"

मी पेन उचललं. सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

निघालेला तुकडा करंगळीच्या नखाएवढा होता, कडा करवतीसारख्या. हा खिळा नव्हे, बाँबची कपची आहे, असं सर्जनने लिहून दिलं. पाऊल मात्र ओढून पडू लागलं, ते कायमचं. रात्रपाळीच्या फेऱ्या जमेनात, म्हणून मॅनेजरसाहेबांनी त्याला गेटवर बसायची ड्यूटी दिली. कुरकुरत का होईना, दिली.

बऱ्याच महिन्यांनी पदक आलं. डबी आणि पत्र घेऊन तो तडक दवाखान्यात आला. पत्र इंग्रजीत होतं, मी वाचून सांगितलं: शत्रूच्या तोफगोळ्यांच्या माऱ्यात जखमी.

"आन् लाथ?"

"ती ओळ रद्द केली."

"समदी?"

"समदी."

"सुटली बिचारी," म्हणाला, आणि डबी तशीच मुठीत धरून ढसाढसा रडायला लागला. माझेही डोळे भरून आले.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक नियम झाला. पेशंट स्वतः बोलेपर्यंत दुखापतीच्या कारणाचा रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना नंतर कधीही भरता येतो. भरलेला खोडायला एका माणसाचं पाऊल खर्ची पडलं.