शेजारच्या सीटवरचा ब्रेक

वन्सं, हे वाचून तुम्ही चिडणार आहात, तेव्हा आधी घोटभर पाणी प्या. नणंद म्हणून तुम्ही मानाने मोठ्या. वयाने मात्र मी मोठी. आज वयाचा हक्क वापरते.

तुम्ही ड्रायव्हिंग स्कूल काढलंत तेव्हा तुमचे दादा, म्हणजे आमचे हे, म्हणाले होते, "बाईकडे गाडी शिकायला कोण येतंय?" सगळ्यांत आधी तेच आले, आणि फाटकाच्या खांबाला गाडी घासली तीही त्यांनीच. पुढे लोक तुम्हाला ब्रेकबाई म्हणायला लागले. निम्म्या गावाचे पाय तुम्ही पेडलवर बसवलेत.

तुमची रीत मला कधीच पटली नाही. तुमच्या सीटपुढे एक जादा ब्रेक, शिकणाऱ्याच्या ब्रेकला दांड्याने जोडलेला. समोर काही आडवं आलं की तुम्ही तो इतक्या अलगद दाबायचात, की त्याच्या पायाखालचं पेडल खाली जाई आणि त्याला वाटे, आपणच थांबवली. वर तुमचं, "वा! जमलं की!"

"ही लबाडी नाही का हो?" मी मागच्या सीटवरून विचारलं होतं.

"वहिनी, भित्र्या माणसाला आधी खोटा धीर द्यावा लागतो. खरा मागून येतो."

येतही असावा. ग्रंथपालकाकांच्या बाबतीत मात्र तो यायच्या आत भिंत आली.

निवृत्त झाल्यावर काका तुमच्याकडे आले ते हौसेने नव्हे. काकूंचं डायलिसिस सुरू झालं होतं. तिला आपणच नेऊ-आणू एवढीच त्यांची इच्छा. पेट्रोल पंपाच्या वळणावर गाडी सरळ कुंपणाच्या भिंतीवर गेली. एअरबॅगा फुटल्या, काकांचं मनगट मोडलं, तुमच्या कपाळाला टेंगूळ. जीव वाचले, म्हणून मी घरी दिवा लावला.

मग गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं. तुम्ही, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेले काका आणि सोबत मी. एका टायवाल्याने सीटखालच्या डबीला लॅपटॉप जोडला. धडकेच्या आधीच्या काही सेकंदांत गाडीत काय-काय झालं ते त्या डबीत राहतं म्हणे.

"ही डबी आहे हे विकताना का नाही सांगितलंत?" तुम्ही विचारलंत.

"पुस्तिकेत लिहिलंय, मॅडम."

सासूबाई गेल्यानंतर तुमच्या पायावर इतकी करडी नजर पहिल्यांदाच कुणी ठेवली असेल. पण हसायची सोय नव्हती. टायवाला म्हणाला, "ब्रेक दाबलेलाच नाही."

"मी दाबला होता हो," काका म्हणाले आणि तुमच्याकडे बघत राहिले. "नेहमीसारखाच."

आणि वन्सं, तुम्ही काय म्हणालात? "काका, मशीनचं तुमच्याशी काय वैर?"

काकांनी प्लास्टरवरून हात फिरवला. "असेल बुवा," म्हणाले. "वय झालं." पुन्हा त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. काकू आता भाड्याच्या गाडीने जातात. ड्रायव्हर वेळेवर आला तर.

परतताना बसमध्ये तुम्ही माझा हात धरलात. "वहिनी, मीपण दाबला होता."

"मग तिथे मूग गिळून का बसलात?"

"ब्रेकबाई आपली कातडी वाचवतेय म्हणाले असते. आणि... दाबला होता ना मी? की सवयीने तसं आठवतंय?"

दोन्ही ब्रेक एकाच दांड्यावर. तुम्ही उशिरा का होईना दाबला असेल, तर डबीने चूक लिहिलं, आणि काका कदाचित खरं बोलत होते. दाबला नसेल, तर शेजारी बसून तुम्ही काय करत होतात? दोन्हींकडून तुम्हीच अडकता. शिवाय काकांचं ते "नेहमीसारखाच"! नेहमीचा दाब कुणाचा होता, हे त्यांना कुठे माहीत?

सगळी नोंद मागायला मी कंपनीत फोन केला. "ती आतली माहिती आहे, मॅडम." गाडी आपली, पाय आपला, आणि आतली माहिती यांची! डबी नको असं मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर ठपका त्याला पूर्ण दाखवायचं नाही, आणि तरी त्याने मान खाली घालायची, हा कुठला न्याय?

उपाय सोपा होता. ज्या स्विचने मागचा लाल दिवा लागतो, त्यावरूनच डबीला ब्रेक कळतो, हे टायवाल्यानेच सांगितलं होतं. पुढून चेपलेली गाडी अंगणात उभी होती, मागून धड. मी म्हटलं, "तुम्ही आत बसून दाबा, मी मागे उभी राहून बघते. दिवा नाही लागला तर डबीच बहिरी."

"आणि लागला तर?"

त्या 'तर'पायी तुम्ही कधी किल्ली हरवलीत, कधी कंबर धरलीत. शेवटी मी डोळे तपासायला गेले असताना गाडी भंगारवाल्याला देऊन टाकलीत. परत आले तेव्हा फाटकाबाहेर ती साखळीने ओढली जात होती. आत ब्रेकवर पाय ठेवायला कुणी नव्हतं, मागचे दिवे काळे.

तेव्हापासून तुम्ही कुणाला शिकवत नाही. जेवताना टेबलाखाली तुमचा उजवा पाय हळूच खाली जातो. मला दिसतं.

खरं कळायचं नाही ते नाहीच. पण काकांचं घर पोस्टामागच्या गल्लीत, चालत जाण्याजोगं. तुम्ही त्यांना सांगायचंय एवढंच, की काका, मलाही आठवतंय मी दाबला होता, आणि डबीत माझाही नाही. आणि ती आपली अलगद दाबायची रीतही सांगायची. परवा तुम्ही केस विंचरून, चप्पल घालून दारापर्यंत आलातही.

"वहिनी, आज काकूंचं डायलिसिस असेल. घरी नसतील."

ते मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. परवा गुरुवार होता. मी हातातलं कुलूप पुन्हा खुंटीला अडकवलं.