भाकरीतला माझा वाटा

बाजाराच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याच्या दवाखान्यात आम्हा चिंता-नैराश्याच्या पेशंटांचा गट बसे. निमोण्याहून येणारी एक मावशी दाराशीच बसायची आणि घटकाभराने उठून बाहेर आपल्या चपला बघून यायची. त्या चपला कुणी फुकटसुद्धा नेल्या नसत्या.

एकदा बोलायची माझी पाळी आली. मी सांगितलं. धाकट्या भावाच्या छातीत दुखत होतं. "काही नाही, ॲसिडिटी आहे," म्हणून मी त्याला गोळी देऊन झोपवलं आणि रात्रीत तो गेला. समुपदेशक ताईंनी कागदावर गोल काढला. "तो गेला यात कुणाकुणाचा किती वाटा, तेवढे भाग पाडा." मी पेन्सिल धरून बसलो. सगळा गोल माझाच होता.

मावशीनं पिशवीतून भाकरी काढली. "कागूद ऱ्हाऊ द्या. तंबाखू खायचा का त्यो?"

"खायचा."

तिनं मोठा तुकडा मोडून बाजूला ठेवला. "आधी कवा दुखलं व्हतं?"

"महिनाभर. घरात कुणाला बोलला नाही."

"मंग ह्यो बी त्याचाच." आणखी एक तुकडा मोडून तिनं बाजूला ठेवला आणि उरलेला माझ्या हातावर ठेवला. "ह्यो तुमचा. न्हाई म्हनू नका, पर एवढाच हाय. खावा."

मी खाल्ला. भाकरी सकाळची होती, चावायला वेळ लागला.

मावशी चपलांसाठी उठू लागली. "बसा, मी बघतो," म्हणून मी बाहेर जाऊन आलो.

"हायत का?"

"आहेत."

तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तास संपेपर्यंत ती उठली नाही. मी मात्र मधे दोनदा जाऊन बघून आलो.