गावपळणीतली पाहुणी

पुण्याच्या ऑफिसात कुणी विचारलं की सुट्टीत कुठे जायला आवडतं, तर मी तारकर्ली सांगते. नाव सगळ्यांना माहीत असतं, पुढचे प्रश्न येत नाहीत. खरं उत्तर लांबलचक आहे. माझी आवडती जागा म्हणजे आमच्या गावाच्या वेशीबाहेर, खाडीच्या काठावर, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक खोप. ती आता तिथे नाहीही.

आमचं गाव मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात आणि त्याने होकार दिला की अख्खं गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मागे दिवा लावायलाही कुणी थांबत नाही. तेवढे दिवस गाव भुतांचं, असं जुनी माणसं सांगतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देव हो म्हणाला तरच परतायचं. याला गावपळण म्हणतात.

वडील ओरोसच्या सरकारी कचेरीत होते. त्यामुळे माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये आणि इंग्रजी शाळेत गेलं; गाव फक्त शनिवार-रविवारचं. मालवणी मला सगळी कळते, पण बोलताना जीभ अडखळते, म्हणून मी गप्प राहते. गावात मला शिष्ट समजतात, पुण्यात अबोल. नोकरीच्या तीन वर्षांत मला एकच मैत्रीण मिळाली, नागपूरची. तिने समुद्र एकदाच पाहिला होता. "मला तुझ्या घरी ने," असं ती सारखी म्हणायची. शेवटी मी हो म्हटलं आणि घरी न विचारता डिसेंबरची तिकिटं काढली. देवाला विचारून घर सोडणाऱ्या गावच्या मुलीने इतकी घाई करायला नको होती.

आठवड्याने आईचा फोन आला. "कौल झालो गो. पळण आसा." तिने तारीख सांगितली. आम्ही पोचणार होतो तोच दिवस.

मैत्रिणीला खरं सांगता आलं असतं. पण देव, भुतं, कोंबड्यांसकट खोपीत राहणं, हे सगळं मी मनात तिला सांगून पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. "घराला रंग काढतायत," मी म्हणाले, "तारकर्लीला खोली घेऊ." आईला सांगितलं, "तिला हॉटेलच हवंय." दोन्ही थापा सहज पचल्या.

पहिला दिवस छान गेला. होडीतून किल्ला पाहिला, संध्याकाळी ती वाळूवर अनवाणी भटकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तयार होऊन बसली. "रंग ओला असला तर असू दे. मी बाहेरूनच घर बघेन. तुझ्या आईला भेटायचंय." माझ्याआधी रस्त्यावर जाऊन तिने रिक्षा थांबवली आणि गावाचं नावही सांगितलं.

वेशीजवळ रिक्षावाल्याने ब्रेक दाबला. "आत कोण नाय. गाव पळालाय. सगळे थंय खाडीकडे." मग आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, "तुमी हयलेच मां?"

इथलीच, अशी मी मान डोलावली. रिक्षा खाडीकडे वळली.

खाडीच्या काठावर खोपींची रांग होती. आमच्या खोपीसमोर आई चुलीवर बांगडे भाजत होती. मैत्रिणीला बघून तिने घाईने हात पुसले. "ये गो बाय! हॉटेल सोडून आमच्या खोपीत इलंस?"

"हॉटेल?" मैत्रीण म्हणाली. "काकू, घराचं रंगकाम चालू आहे ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कोंबड्यांकडे. शेजारच्या खोपीत आमच्या वाडीतली चाची तांदूळ निवडत होती. वाडीतली मुसलमानांची घरंही पळणीत आमच्यासोबतच बाहेर पडतात. सूप न थांबवता ती म्हणाली, "चालू आसा, चालू आसा. भुतां कामाक लागली आसत. चाय पण मागनत नाय बापडी!"

आजूबाजूच्या चार खोपी हसल्या. मैत्रीण हसली नाही. ती चालत पाण्यापाशी गेली. तीन वर्षांत मिळालेली एकुलती एक मैत्रीण मी एका थापेत घालवली, असं मला वाटलं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

"तुला काय वाटलं, मी हसेन?"

"हो."

"कोंबड्यांना?"

"सगळ्यालाच."

तिने पायातल्या चपला काढल्या. "हसलेच असते," ती म्हणाली. "पण राहिलेही असते. जा, ती खोली सोड आणि माझी बॅग घेऊन ये."

मी बॅग घेऊन परतले तेव्हा ओहोटी लागली होती आणि ती चाचीसोबत गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढत होती. शिंपल्यासारखं काही हाती लागलं की ओरडायची, आणि चाची दर वेळी "दगड तो गो!" म्हणून फेकून द्यायची. दुपारी त्याच तिसऱ्यांचं सुकं आणि तांदळाची भाकरी आम्ही एका चटईवर बसून खाल्ली. "माका आणखी एक होयी," मी मालवणीत म्हणाले. आईचा हात क्षणभर तव्यावर थांबला. मग तिने न बोलता माझ्या ताटात भाकरी टाकली. त्या न बोलण्यासाठी मी आजही तिची आभारी आहे. आणि चाचीचीही. ती बोलली नसती तर मी आणखी एक थाप शोधली असती.

तिसऱ्या दिवशी वडील आणि इतर पुरुष कौल घ्यायला गेले. देवाने होकार दिला आणि ढोल वाजला. सगळे एकदम उठले. गुरांना आमच्यापेक्षा जास्त घाई होती. मैत्रिणीने कोंबड्यांची टोपली कडेवर घेतली आणि वाटभर त्यांना समजावत आली.

आईने कुलूप काढून देवापाशी दिवा लावला. कित्येक वर्षांत रंग न लागलेल्या, पोपडे धरलेल्या आमच्या भिंती तशाच होत्या. मैत्रिणीने टोपली खाली ठेवली, ओटीच्या भिंतीवर सावकाश हात फिरवला आणि तळवा उलटून पाहिला.

"काकू," तिने आत हाक दिली, "वाळलाय!"

"मगे टेक पाठ," आई आतून म्हणाली. "चलान दमलंस."

ती भिंतीला टेकून बसली. मी तिच्या शेजारी.