व्हर्लिनच्या ट्रेलरची चाकं

व्हर्लिन रुस्टाड होडीचा ट्रेलर ठेवायला आमच्या गोठ्यात आला की मी आधी कॉफी ठेवायची आणि मग दातओठ खायचे. कॉफी शेजारधर्म म्हणून. दातओठ का, ते सांगते.

आम्ही गायी विकल्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हिवाळाभर आमच्या गोठ्यात तळ्यावरच्या लोकांच्या होड्या असतात, आपापल्या ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून. रीत सोपी आहे. जो आधी येतो तो मागच्या भिंतीशी जातो, शेवटी येतो तो दाराशी. मे महिन्यात मासेमारी खुली होते त्या दिवशी दारातला पहिला सुटतो आणि भिंतीजवळचा हात चोळत बसतो. व्हर्लिन दर वर्षी सगळ्यांचे ट्रेलर आत जाईपर्यंत थांबायचा. तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरली तरी याची होडी पाण्यातच. कारण एकच, त्याच्यानंतर कुणी आलं तर आपला ट्रेलर आत सारताना तो माणूस व्हर्लिनचा ट्रेलर सरकवेल, आणि आपल्या ट्रेलरला दुसऱ्याचा हात लागणं त्याला सहन होत नसे.

बरं, दाराशी लावला आणि गेला असंही नाही. जॅक लावून ट्रेलर उचलायचा, खाली लाकडी ठोकळे सरकवायचे आणि दोन्ही चाकं काढून घरी न्यायची. मोटर आधीच घरी गेलेली असे. होडीला साखळी, साखळीला कुलूप. होडीच्या तळाला पाणी सोडायचं भोक असतं, त्याचं बूच इथे सगळेच हिवाळ्यात काढून ठेवतात, पण होडीतच ठेवतात. व्हर्लिन ते किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवून खिशात घेऊन फिरायचा. चर्चमध्येसुद्धा.

"व्हर्लिन, तुझा हा बिनचाकी सांगाडा दारात बसला की मागच्या सगळ्या होड्या अडकतात," मी दर वर्षी म्हणायची.

"हिवाळ्यात कुणाला होडी लागते, आयोन?" तोही दर वर्षी हेच म्हणायचा. ते खरंच होतं, त्यामुळे जास्तच राग यायचा.

हा माणूस जन्मापासून असा नव्हता. शाळेची बस चालवायचा तेव्हा बर्फाच्या वादळात एकेका पोराला दारापर्यंत सोडून यायचा. पण एका उन्हाळ्यात तो मासे धरून धक्क्यावर परतला तर गाडी होती, ट्रेलर नव्हता. होडी बाहेर काढायची कशी? संध्याकाळपर्यंत बिचारा होडीतच बसून राहिला, येणारेजाणारे विचारत राहिले, आणि डेल्मर हाउगन मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी ट्रेलर पलीकडच्या रस्त्यालगत चरात सापडला. कुणी नेला ते कधीच कळलं नाही. मला वाटतं, ट्रेलर गेल्यापेक्षा ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्याच्या लेखी गावात एकच चोर होता, आणि तो डेल्मर.

डेल्मर म्हणजे माझ्या नवऱ्याचा, क्लेटनचा, लहानपणापासूनचा दोस्त. लोकांच्या शेतांना तारेची कुंपणं घालून देतो. जीभ सैल, हात मोकळा. तो आमच्याकडे आला की व्हर्लिनलाही नेमकं त्याच दिवशी ट्रेलर बघायला यावंसं वाटायचं. यायचा, कुलूप ओढून बघायचा, ठोकळ्यांभोवतीच्या धुळीत कुणाच्या बुटांचे ठसे उमटलेत का ते पाहायचा. एकदा मला विचारतो, "इथे झाडू कुणी मारला?"

"मी मारला. माझा गोठा आहे."

"ठसे पुसायला?"

त्या दिवशी मी त्याला कॉफी दिली नाही.

एप्रिलची गोष्ट. तळं अजून गोठलेलं होतं, पण बर्फ काळपट पडला होता. असा बर्फ दिसला की आमच्याकडची शहाणी माणसं काठावरूनच तळं बघतात. व्हर्लिनला मात्र कुठून तरी वास लागला होता की तळ्याच्या पलीकडच्या खाडीत डेल्मरला बर्फाला भोक पाडून मासे लागताहेत. दुपारी तो आमच्या आवारात आला, गोठ्यात डोकावला, अंगणात डेल्मरची गाडी पाहिली. डेल्मर आमच्या स्वयंपाकघरात बसून भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश खात होता, म्हणजे खाडीत आत्ता कुणी नव्हतं. व्हर्लिन कुणाला काही न सांगता बर्फावर उतरला. सांगितलं असतं तर जागा फुटली असती ना.

मी भांडी घासताना खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, काळजीने नव्हे. हा पुन्हा आमच्या गोठ्याभोवती का घोटाळतोय, एवढंच मला बघायचं होतं. संशयही लागतो, सर्दीसारखा. बर्फावर एक काळी उभी आकृती लांब लांब जात होती. मी ताट पुसायला मान खाली घातली, वर पाहिलं तर आकृती अर्धीच उरली होती.

"क्लेटन," मी म्हटलं, "व्हर्लिन बर्फ फुटून आत गेला."

बंबवाल्यांना फोन केला. ते गावातून यायचे, आणि तेवढा वेळ त्या पाण्यात माणूस टिकत नाही. हे दोघं गोठ्याकडे धावले. दार उघडलं. आत भिंतीपर्यंत होड्याच होड्या, डेल्मरची, डॉक्टरांची, पाद्रीबाबांची, सगळ्या चाकांवर, ढकललं की निघाल्या असत्या. आणि सगळ्यांच्या पुढे, दार अडवून, ठोकळ्यांवर बसलेला व्हर्लिनचा ट्रेलर. क्लेटनने त्याला खांदा लावला. हलेल कसा? चाकं व्हर्लिनच्या तळघरात होती. मी तिथे उभी राहून त्या बुडणाऱ्या माणसाला शिव्या दिल्या. घाबरले होते, म्हणून दिल्या.

डेल्मर तोवर बाहेर पडला होता. गाडीकडे पळत गेला, तार तोडायची लांब दांड्यांची कात्री घेऊन आला आणि त्याने साखळी कापली. तिघांनी मिळून होडी ट्रेलरवरून उतरवली. मोटर नव्हती म्हणूनच उचलली गेली. उतारावर उरलेल्या बर्फावरून ती घसरवत काठाला आणली, तेव्हा क्लेटन म्हणाला, "बूच?" तळाशी भोक आ वासून होतं. डेल्मरने हातातला मोजा काढला, पिळून त्यात कोंबला आणि म्हणाला, "चल."

होडीच्या दोन बाजूंना दोघं छातीवर रेलून ती ढकलत निघाले. बर्फ फुटलाच तर होडीत पडायचं, असा त्यात हिशेब असतो. मी दोराचं टोक धरून काठावर. व्हर्लिनच्या गळ्यात दोरीला बांधलेले दोन अणकुचीदार खिळे असायचे, ते कडेच्या बर्फात रुतवून तो लोंबकळत होता. नुसतं डोकं आणि दोन मुठी दिसत होत्या. त्याच्यापासून थोड्या अंतरावर बर्फ फुटला आणि हे दोघं होडीत आदळले. मग वल्ह्याने बर्फ फोडत पुढे. कॉलरला धरून डेल्मरनेच त्याला आत ओढला.

व्हर्लिनचे ओठ निळे पडले होते. होडीच्या तळाशी तो पडला, तिथे मोज्यातून पाणी झिरपत होतं. त्याने ते बघितलं.

"बूच," तो म्हणाला, "माझ्या खिशात आहे."

"राहू दे तिथेच," डेल्मर म्हणाला. "चोरीला जायचं."

दोन दिवसांनी आम्ही तिघं दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. मी लेफ्सं, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, करून नेल्या होत्या. पांघरुणात गुरफटून बसला होता, हाताच्या बोटांना पट्ट्या. कसे आहात नाही, आभार नाही. डेल्मरकडे टक लावून म्हणतो, "साखळी कापायची कात्री तू गाडीत कशाला ठेवतोस?"

क्लेटनने कपाळाला हात लावला. डेल्मर म्हणाला, "लेका, मी कुंपणं घालतो."

"हं," व्हर्लिन म्हणाला. मग, "आणि मोटर मी काढून ठेवली नसती तर तुम्हाला होडी उचलता आली असती का?"

"नसती."

"बघ."

मला तिथेच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. घरी परतताना मी क्लेटनला बजावलं, या माणसाचा ट्रेलर पुन्हा माझ्या गोठ्यात चाकांशिवाय उभा राहिला तर तो तरी राहील, नाही तर मी तरी. तो आपल्याच कुलपाने मरता मरता वाचला होता. पुढच्या वेळी आणखी कुणी मरेल, याची मला खरीच भीती होती. उन्हाळाभर मी काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते.

सप्टेंबर संपत आला होता, झाडांची पानं अजून झाडावरच होती, आणि अंगणात ट्रेलर खडखडला. व्हर्लिन. सगळ्यांच्या आधी. गोठा रिकामा होता. तो सरळ आत गेला आणि मागच्या भिंतीला ट्रेलर टेकवला, जिथे आजवर तो कधीच गेला नव्हता. मग जॅक काढला.

"तिथे?" मी म्हटलं. घोळवलेलं सगळं विसरले. "मेमध्ये सगळ्यांच्या शेवटी सुटशील."

"ठाऊक आहे." चाकं निघाली, ठोकळे बसले, साखळी आली. नवी होती, आधीच्यापेक्षा जाड. मग त्याने जुडग्यातून बूच सोडवलं आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला टांगलं. "वेळ पडली तर, डेल्मरच्या होडीलाही हेच माप लागतं," तो म्हणाला. "त्याला सांग, यंदा दाराशी तू. सगळ्यांत शेवटी ये." मी कॉफी दिली. त्याने ती संपवली.

डेल्मर शेवटी आला. दाराशी होडी लावून गेला, चाकांसकट.

पहिला बर्फ पडल्यावर गोठ्यात खुडबुड ऐकू आली. जाऊन बघते तर व्हर्लिन. स्वतःच्या ट्रेलरकडे त्याची पाठ होती. डेल्मरच्या ट्रेलरपाशी गुडघे टेकून तो चाकांचे नट एकेक करून हाताने पिळून बघत होता.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याने चाकं गुपचूप काढून नेली तर?"

त्या हिवाळ्यात तो दर आठवड्याला येत राहिला.