सासूबाईंचा वेगळा कप

मंडळी, आज मले माझीच लाज वाटून राह्यली.

गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सासूबाईंचं रक्त तपासलं. हिपॅटायटीस सीच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह. मी कोणाले काही न विचारता त्याईचं ताट, कप सगळं वेगळं केलं. गल्लीतल्या बाया आमच्या घरी पापड लाटायले आल्या, तवा सासूबाईले म्हटलं, "तुमी आराम करा." जिंदगीभर पापड लाटणारी बाई उंबऱ्यात बसून नुसती पाहत होती.

आज वाशीमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट पाहिला. रक्तात विषाणू नाही. म्हणाले, "अँटीबॉडी म्हणजे कधीतरी लागण होऊन गेल्याची खूण. आजार आत्ता आहे का, ते ही दुसरी तपासणी सांगते. अन् असता, तरी ताटातून, कपातून पसरत नाही. यांना वेगळं तर नाही ना ठेवलं?"

मी रिपोर्ट पिशवीत ठेवू लागली. सासूबाईच बोलल्या, "नाही जी, सून लय जपते मले."

जऊळक्याले घरी आल्यावर त्याईले आमच्याच कपात चहा दिला. चहा पिऊन त्या उठल्या, तो कप स्वतः धुतला अन् बाजूले, त्याईच्या ताटाजवळ नेऊन ठेवला.

तुमीच सांगा, आता तो कप मी परत कसा आणू?