उपाशी हरणं आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत: जेवलेली आणि जेवायची राहिलेली. पहिल्या प्रकारावर त्यांचा फारसा विश्वास नसे. आमच्या नवऱ्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीनं आम्हाला पुण्याहून जपानात सेंदाईला आणलं, तेव्हा गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच उपमा खायला लावला. तो वाकून वाकून नको म्हणत होता. वहिनींना वाटलं, आवडला म्हणतोय. त्यांनी आणखी वाढला.

आमची इमारत गावाबाहेर, टेकडीला लागून. दुसऱ्या हिवाळ्यात बर्फ फार पडला आणि रानातली हरणं मागच्या कुंपणापर्यंत येऊन झाडांची साल खायला लागली. ते बघून वहिनींना घास उतरेना. एका सकाळी त्यांनी परातभर कणकेचे गोळे आणि भिजवलेले हरभरे कुंपणापलीकडे ओतून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक हरिणी तिथंच बसलेली दिसली. पोट फुगलेलं, मान टाकलेली. वहिनींनी मला हाक मारली, मी तळमजल्यावरच्या सातो-सानना. ते जनावरांचे निवृत्त डॉक्टर. काय घातलंत, एवढंच त्यांनी विचारलं. हिवाळ्यात यांचं पोट काटक्या-सालींना सरावलेलं असतं, एकदम धान्य गेलं की आत आंबतं आणि जनावर मरतंसुद्धा, असं ते म्हणाले. मराठीत सांगताना मी शेवटचं वाक्य गाळलं. पण वहिनी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

त्या पाणी घेऊन निघाल्या, तर सातो-सान दारात आडवे उभे राहिले. माणूस जवळ गेला की ती धडपडेल, उरलीसुरली ताकदही जाईल. मग आम्ही तिघं खिडकीशी बसून राहिलो. वहिनींनी कुणाला चहासुद्धा विचारला नाही. हरिणीचा कान हलला की त्या माझा दंड घट्ट धरत.

"मीच मारलं गं तिला," त्या एकदाच म्हणाल्या.

उजेड उतरायला लागला तेव्हा ती उठली, कोसळली, पुन्हा उठली आणि झोकांड्या खात झाडांत गेली. उरलेलं धान्य वहिनींनी फावड्यानं बर्फासकट गोळा केलं. चार दिवसांनी ती कळपात दिसली. डाव्या कानाला चीर होती म्हणून ओळखता आली. त्यानंतर हरणं आली की वहिनी हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसत.

वसंतात त्या पुण्याला परतल्या. पुढच्या हिवाळ्यात फोनवर त्यांनी विचारलं, "आली का गं हरणं?"

"आली. पाच आहेत."

"बारीक झालीत?"

खिडकीतून मला त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"नाही हो वहिनी," मी म्हटलं, "चांगली आहेत."