तबेल्यातला आवाज

घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट म्हणून सरसावून बसला असाल, तर जरा टेका. यात कोणी जिंकत नाही.

साठच्या दशकात मी जर्मनीत गार्चिंगला शिकत होतो. आमच्या घरमालकांनी हौसेखातर आयुष्यातली पहिली घोडी घेतली होती. मग कुठेतरी त्यांनी अमेरिकन शिपायांना पिंपांभोवती घोडे पळवताना पाहिलं आणि आपल्याही शेतात बिअरची तीन पिंपं मांडली.

गृहस्थ प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरून 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणायचे. मला नकलांचा नाद, ते मी लगेच उचललं. घोडीला आधी चालवत न्यावं, हे त्यांना पटेना. पहिल्या दिवसापासून चौखूर पळवायचे, वर ओरडायचे. शेवटी पिंप दिसलं की ती जागीच थिजायची. तबेल्यात गाजर भरवताना मात्र हेच गृहस्थ इतकं हळू, लाडात बोलायचे, की ती नक्कल मला फार जपून बसवावी लागली.

एका रविवारी ते मित्रांसमोर म्हणाले, "आल्झो, आज फिरली नाही, तर उद्या खाटकाकडे."

घोडी थिजलीच. मी दोरी धरली आणि त्यांचा तबेल्यातला आवाज काढला, "चल गं सोन्या, चल." मान खाली घालून ती तिन्ही पिंपांभोवती चालत फिरली.

"हा तुझा आवाज?" मित्र हसून त्यांना म्हणाले. "बायकोशी तरी बोललास का कधी असा?"

सोमवारी घोडी खाटकाकडे गेली.

"अहो, पण फिरली ना ती," मी जिन्यात त्यांना म्हटलं.

ते खाकरले नाहीत. "तो आवाज तिच्यापुरता होता," म्हणाले. "चारचौघांत काढायला तुला सांगितलं कोणी?"